थंडीच्या आधी गिझर खोलला त्याची गोष्ट

गेल्या जानेवारीत, संक्रांतीला दोन दिवस होते, पहाटे साडेपाचला सासूबाई न्हाणीतनं ओरडल्या, "नळाला हात लावला की चिणचिण करतंय गे, काय झालंय बघ!" मी अंथरुणातनं उठून धावले, आधी बाहेरचं बटण बंद केलं आणि मगच आत गेले. त्या ओल्या फरशीवर उभ्या, एक हात दुसऱ्या हातात धरलेला, वय ७४. काही झालं नाही, देवाची कृपा, पण तो हात धरून उभं राहिलेलं माझ्या डोळ्यासमोरनं आजपण जात नाही.

तेव्हा एक माणूस आला, गिझर खाली न काढता तिथंच झाकण उघडलं, कॉईल गेलीय म्हणाला, नवीन घातली, अर्ध्या तासात पैसे घेऊन गेला. पाणी गरम व्हायला लागलं, आम्ही गप्प बसलो. मग उन्हाळा आला, पावसाळा आला, आमच्याकडे पावसाळ्यातसुद्धा गार असतंय म्हणून गिझर चालूच असतो, फक्त कमी. दसरा झाल्यावर परत आवाज यायला लागला, बटण चालू केलं की दहा मिनिटांनी आतनं कढईत रवा भाजल्यासारखी चरचर, आणि दोन बादल्या यायच्या तिथं सव्वा बादलीतच पाणी कोमट. तेव्हाच मी ठरवलं, ह्या वेळी थंडी पडायची वाट बघायची नाही, दिवाळीच्या आधी पूर्ण खोलून बघायचं, आणि मी स्वतः शेजारी उभी राहून बघणार.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. वडगाव-येळ्ळूर शिवारातली भातं कापून झाली की मोकळ्या रानावरनं जो वारा येतो त्याला काही आडोसाच नसतो, पहाटे धुकं, रात्री पारा बारा-तेरावर. कॉर्पोरेशनचं पाणी येतं त्या दिवशी टाकी भरून घ्यायची, बाकीच्या दिवशी घरची बोअर. आणि बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस नाही. आमच्या गल्लीत कानडी बोलणाऱ्या बायका ह्याला उप्पु नीरू म्हणतात. ह्याच पाण्यातला चुना गिझरमध्ये जाऊन बसतो, कारण गार पाण्यात विरघळलेला असतो तो पाणी तापलं की बाहेर पडतो आणि जिथं सगळ्यात जास्त गरम तिथंच म्हणजे कॉईलवर चिकटतो. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो तोच प्रकार.

माझं माहेर खानापूरकडचं, तिथं गिझर नव्हता, तांब्याचा बंब होता. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आई तो बंब अंगणात काढायची, चिंच आणि मीठ लावून घासायची, मधल्या नळकांड्यातली राख काठीनं खरवडून काढायची, तोटीला नवीन दोरा गुंडाळायची, मग हळदीकुंकवाची बोटं ओढून संध्याकाळी पाणी भरायची. आमच्या भागात पाणी भरायचा तो दिवस म्हणजे एक सणच असतो. आता विचार केला तर वर्षातनं एकदा पाणी तापवायचं भांडं आतनं-बाहेरनं बघायचं, ही सवय त्यांना होती, आपण गिझर भिंतीला लावला आणि ती सवय गेली. पांढऱ्या झाकणाच्या आत काय चाललंय कुणी बघतच नाही.

तर ह्या वेळी अनगोळहून एका अण्णांना बोलावलं, भावजींच्या कारखान्यात लूमचं वायरिंग त्यांनीच केलंय, पन्नाशीचा माणूस, शांत. मी आधीच सांगितलं, अण्णा, घाई नको, दिवस गेला तरी चालेल. ते म्हणाले, "अक्का, मग आधी करंटचं बघू, पाण्याचं मागनं बघू." मला हे आवडलं.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर एक होल्डर, त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, दोन वायरी. गिझरच्या प्लगमध्ये फेज आणि न्यूट्रलला लावला, बल्ब फक्कन पेटला. मग तीच वायर न्यूट्रलमधनं काढून वरच्या मोठ्या भोकात म्हणजे अर्थिंगला लावली. बल्बमध्ये नुसती तार लाल झाली. विझायला आलेल्या उदबत्तीसारखी. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, हे बघा अक्का, मीटर लावलं असतं तर मीटर २३० दाखवून मोकळं झालं असतं, पण खरोखर करंट जायची वेळ आली तर ही अर्थिंग घेणार नाही. (हे कुणी घरी करून बघू नका, त्यांच्या हातात रबरी मोजे होते आणि तीस वर्षांचा हात आहे.)

तेव्हा मला जानेवारीचं कळलं. कॉईल फुटली होती हे खरं, पण कॉईल कधी ना कधी फुटतेच, ती फुटल्यावर करंट टाकीच्या पत्र्यावर आला की अर्थिंगच्या वायरीतनं खाली जायला पाहिजे आणि फ्यूज किंवा एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडायला पाहिजे. अर्थिंगच नाही म्हटल्यावर तो करंट टाकीवर बसून राहिला, टाकीतनं पाण्यात, पाण्यातनं लोखंडी पाइपात, पाइपातनं नळाला आणि नळातनं सासूबाईंच्या हातात. त्या माणसानं कॉईल बदलली आणि खरं कारण तिथंच राहिलं. नऊ महिने आम्ही सगळे त्याच नळाखाली आंघोळ केली. माझी मुलगी सात वर्षांची आहे. हे कळल्यावर मी दोन मिनिटं पायरीवर बसले.

अर्थिंगचा खड्डा घरामागं जास्वंदीच्या बुंध्याशी, त्याच्यावर पालापाचोळा, झाकण सापडायलाच वीस मिनिटं. आत पाइपला जिथं वायर बांधलेली तो नट-बोल्ट गंजून फुगलेला आणि वायर हातानं फिरवली तर गोल फिरायची. म्हणजे नुसती टेकलेली. अण्णांनी बोल्ट कापला, पॉलिश पेपरनं पाइप घासून चकाकता केला, नवीन जाड बोल्ट, वायरीच्या टोकाला लग्ज म्हणजे धातूची टोपी दाबून बसवली, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दोन घागरी पाणी ओतलं. परत बल्ब लावला. ह्या वेळी फक्कन पेटला, पहिल्यासारखाच. मी सासूबाईंना हाक मारून दाखवला.

मग ३० मिलीअँपिअरची ईएलसीबी बसवली, आमच्या घरात ती नव्हतीच, घर जुनं. एमसीबी आणि ही, ह्यात लोकांचा गोंधळ होतो, माझापण होता. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, ती १६ अँपिअरची असली तर माणसाला शॉक बसतोय हे तिला कळतच नाही. ईएलसीबी गेलेला करंट आणि आलेला करंट सारखा आहे का हे बघत असते, थोडासा जरी दुसरीकडं म्हणजे अंगातनं किंवा जमिनीत गेला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत पडते. तिच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, ते महिन्यातनं एकदा दाबायचं, पडली पाहिजे. प्लगपण काढून टाकला, त्याच्या एका पिनेला काळा डाग पडलेला, सैल बसल्यामुळं. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, सैल पिनेला ते सोसत नाही. आता डबल पोलचा म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच आहे, न्हाणीच्या बाहेर.

एवढं होईपर्यंत जेवायची वेळ झाली. अण्णा जेवले, भाकरी आणि झुणका, आणि मग टाकीकडं वळलो.

आधी मेन बंद, टेस्टर लावून खात्री, मग वरच्या टाकीचा कॉक बंद. मी म्हटलं गरम नळ सोडून ठेवते म्हणजे रिकामा होईल. अण्णा म्हणाले होणार नाही, सोडून बघा. खरंच, जरा वेळ येऊन थांबलं. कारण गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकाला असतं, आतनं एक पाइप वरपर्यंत गेलेली असते आणि ती वरचं पाणी उचलते, खालनं गार पाणी ढकलेल तेव्हाच वरचं बाहेर येणार. टाकी रिकामी करायची तर खालची निळ्या रिंगची बाजू सोडायला लागते आणि गरम नळ उघडा ठेवायचा म्हणजे हवा आत जाते. बादली लावून निळ्या बाजूचा नट सोडला, आधी स्वच्छ पाणी, मग ढगाळ, मग शेवटी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे-पिवळे कण बदाबदा पडायला लागले आणि पाइप चोंदली. तारेनं टोचून टोचून काढलं.

त्या निळ्या बाजूलाच एक पितळी वाल्व असतो, त्याला बारीक नळी असते, पाणी तापताना त्यातनं थेंब थेंब गळतं. ते गळायलाच पाहिजे. पाणी तापलं की फुगतं, २५ लिटर पाणी वीस अंशांवरनं साठला नेलं तर साडेतीनशे-चारशे मिली जास्त होतं, वाल्व ते गार पाण्याच्या पाइपात उलटं जाऊ देत नाही, मग त्या बारीक नळीतनं नाही तर ते जाणार कुठं. आमच्या वाल्वच्या त्या नळीत कुणीतरी एम-सील भरलेलं! कधी, कुणी, काही पत्ता नाही, मागं एकदा यांनीच 'गळतंय, बंद करून जा' म्हणून प्लंबरला सांगितलेलं असं आता यांना आठवतंय. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की कॉईल बंद करणारा भाग, अडकला आणि हा वाल्व बंद असला तर टाकीत दाब चढतच जातो, भिंतीवर बाँब बांधून ठेवल्यासारखंच ते. वाल्व काढून फेकला, नवीन घातला, नळीला पारदर्शक पाइप जोडून मोरीत सोडली. गळू दे.

मग खालचं झाकण काढलं. वायरी काढायच्या आधी मी मोबाईलवर तीन फोटो काढले, कुठला रंग कुठं ते. फ्लँजचे, म्हणजे कॉईल ज्या चकतीवर बसवलेली असते तिचे, नट सोडून कॉईल खाली ओढली तर येईना, हलवून हलवून काढली. बाहेर आली ती नऊ महिन्यांपूर्वीची नवीन कॉईल, पण ओळखू येत नव्हती, शेवग्याच्या शेंगेवर चुनखडीचं प्लास्टर केल्यासारखी. थर नखानं निघत नव्हता, तुकडा पडला तर अंड्याच्या कवचासारखा, आत पातळ पापुद्रे एकावर एक, जणू झाडाच्या वर्षांच्या रेघा. मी तो तुकडा अजून खिडकीत ठेवलाय.

हा थर असला की लाईट बिल वाढतं असं सगळे म्हणतात, मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, कॉईल पाण्यातच आहे, २००० वॅटची उष्णता शेवटी पाण्यातच जाणार, बिलाचा फरक फार नाही. नुकसान वेगळं. थराच्या आत कॉईल स्वतः फार तापते, तिची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून ती लवकर फुटते. चरचर आवाज तोच, थराच्या फटीत पाणी उकळतंय. आणि थर्मोस्टॅटची नळी शेजारीच असते, चुन्याच्या आत ती लवकर गरम होते, तिला वाटतं पाणी झालं, ती बंद करते, आणि वरचं पाणी कोमटच. सव्वा बादलीचं कोडं तिथं सुटलं.

त्याच फ्लँजवर कॉईलच्या शेजारी आणखी एक दांडी असायला पाहिजे, मॅग्नेशियमची, अॅनोड म्हणतात. आमच्यात दांडी नव्हती, नुसती एक वाकडी तार लोंबत होती. ती तार म्हणजे दांडीच्या मधली तार, बाकी सगळं मॅग्नेशियम झिजून गेलेलं. ह्या दांडीचं काम झिजणं हेच. टाकी पोलादाची, आतनं काचेचा मुलामा, पण मुलाम्याला कुठंतरी केसाएवढी भेग असतेच, तिथनं पाणी पोलादाला खायला बघतं, तर ही दांडी पुढं होते आणि आधी मला खा म्हणते. ती संपली की मग टाकी. सहा वर्षांत ही दांडी आमच्या गिझरमध्ये आहे हे कुणी सांगितलं नाही, जानेवारीत फ्लँज उघडला होता तेव्हा ती समोरच होती, तरी नाही. जड पाणी असेल तर दीड-दोन वर्षांनी बघायलाच पाहिजे. नवीन दांडी खडेबाजारात मिळाली, अंगठ्याएवढी जाड, अडीचशे रुपये, आणि फ्लँजचं रबर साठ. जुनं रबर परत घालू नका, एकदा दाबलेलं रबर परत धरत नाही.

कॉईल साफ करायचं काम मी घेतलं. रविवार पेठेतनं लिंबाचं सत्व आणलं होतं, ते सायट्रिक अॅसिड म्हणून पांढरी खडीसाखरेसारखी पूड मिळते ना तेच. प्लास्टिकच्या बादलीत तीन लिटर कोमट पाणी, त्यात दीडशे ग्रॅम, आणि कॉईल उभी, पण वायरी लावायची टोकं पाण्याच्या वर. लगेच सोड्यासारखे बुडबुडे यायला लागले, सूं सूं आवाज. सासूबाई येऊन वाकून बघत होत्या, "हे काय करायलीस गे, भजी तळल्यासारखं वाजतंय." दोन तासांनी पाणी बदलून परत. चार तासांनी जुन्या ब्रशनं घासली तर खालचा धातू दिसला. हातोडी, पक्कड लावू नका, कॉईलला चीर गेली तर परत तोच जानेवारी. आणि संडास धुवायचं अॅसिड तर अजिबात नको, ते चुना खातं तसं धातूही खातं. टाकीच्या आतला गाळ हात घालून, कापडानं, मग पाइपनं पाणी मारून काढला. सगळ्याचं वजन केलं नाही पण दोन ओंजळी भरून होता.

जोडायच्या आधी अण्णांनी कॉईल मीटरवर बघितली, दोन टोकांत २६ ओहमच्या आसपास, २००० वॅटला तेवढंच यायला पाहिजे, आणि टोक ते बाहेरची पट्टी ह्यात काहीच नाही, म्हणजे करंट पट्टीवर येत नाही. ठीक. नवीन रबर, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, एकच पूर्ण आवळला तर दुसरीकडनं गळतं.

पाणी भरताना गरम नळ उघडा. फस फस हवा, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. सरळ धार आल्यावर पाच मिनिटं तसंच जाऊ दिलं आणि मगच बटण. टाकी अर्धी रिकामी असताना बटण दाबलं तर कॉईल कोरडी तापते आणि मिनिटाभरात जाते, ही चूक लाईट-पाणी गेल्यानंतर हमखास होते.

थर्मोस्टॅट ६० वर ठेवला. आधी ७५ वर होता. जास्त ठेवला की चुनापण जास्त बसतो आणि म्हाताऱ्या माणसाला-पोरांना भाजायची भीती, फार कमी म्हणजे चाळीस-पंचेचाळीसवर ठेवला तर टाकीत जंतू वाढतात, म्हणून साठ. घड्याळ लावून बघितलं, ३४ मिनिटांत दिवा विझला, आवाज नाही. डिसेंबरात पाणी आणखी गार असेल तेव्हा चार-पाच मिनिटं जास्त लागतील. एका वेळेला सव्वा युनिटच्या आसपास धरा. घरात पाच माणसं, दिवसाला दीड तास चालला तरी तीन युनिट, महिन्याला नव्वद. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) असलेल्या घरांनी हा हिशोब ठेवायला पाहिजे कारण २०० युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल आपल्यावर येतं. आम्ही आता सगळ्यांची आंघोळ एकापाठोपाठ करतो, सहा ते साडेसात, नंतर बटण बंद.

नणंद निपाणीला असते, तिच्याकडं गॅस गिझर आहे आणि तो न्हाणीच्या आतच लावलाय, थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा. मी फोनवर हे सगळं सांगताना तिनं सहज सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बंद खोलीत गॅस जळला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला आधी डोकं जड, चक्कर, आणि मग उठताच येत नाही. थंडीत खिडकी बंद करतात म्हणून हे थंडीतच जास्त होतं. भावोजींना फोन घ्यायला लावला, पुठ्ठा काढा म्हटलं, गिझर बाहेर गॅलरीत घ्या म्हटलं. दिवाळीच्या आधी त्यांनी तो बाहेर घेतला, फोटो पाठवला तेव्हा मला झोप लागली.

यांनी गिझरच्या झाकणावर मार्करनं तारीख लिहिलीय, अॅनोड कधी घातला ती. ईएलसीबीचं बटण दर महिन्याच्या एक तारखेला माझी मुलगी दाबते, स्टुलावर चढून, घरातली लाईट जाते आणि ती "पडली!" म्हणून ओरडते.

नरक चतुर्दशीला पहाटे चारला उटणं लावून सासूबाई पहिल्या न्हाणीत गेल्या. मी दाराबाहेर कारीट घेऊन उभी होते. नळ सोडायच्या आधी त्यांनी हाताची मागची बाजू नळाला हळूच टेकवली, काढली, परत टेकवली, मग नळ सोडला. दुसरी बादली भरल्याचा आवाज आला तेव्हा मी हाक मारली, गरम आहे का हो आई? आतनं म्हणाल्या, "गार पाणी सोड गे थोडं, लई कढत हाय."